उताराच्या बागेला कड घालून टप्पे कसे करावेत?

परसातला उतार

नमस्कार. घरामागची आमची बाग उतारावर आहे. आडव्या अंतरात मोजले तर ६ मीटरमध्ये जमीन १.२ मीटर खाली जाते. मोठा पाऊस झाला की वरची माती धुपून खालच्या कुंपणाशी साचते आणि वरच्या रोपांची मुळे उघडी पडतात. मागच्या वेळी मी विटा उभ्या रोवून तीन सरळ ओळींत कड घातली होती. दोन जोरदार पावसांतच मधली ओळ पुढे कलंडली आणि वाफ्यातली माती फुटलेल्या जागेतून वाहून गेली. आता काम नीट करायचे आहे. कडेसाठी काय वापरावे, टप्पे किती करावेत आणि सुरुवात कुठून करावी, याचे मार्गदर्शन हवे आहे.

जुना माळी

विटा कलंडल्या, कारण कडेकडून भिंतीचे काम करून घेतले गेले. वाफ्याची साधी कड १० ते १५ सेंमी माती अडवू शकते. त्याहून अधिक माती मागे साठली की ती भिंतच होते, आणि भिंतीला जमिनीत गाडलेला पाया, मागे झुकलेला उभार व पाण्याला वाट ही तिन्ही लागतातच. दुसरी चूक सरळ ओळींची आहे. उतार क्वचितच सगळीकडे सारखा असतो, त्यामुळे सरळ ओळीचे एक टोक खाली राहते, पाणी त्या टोकाकडे धावते आणि पहिले भगदाड तिथेच पडते.

म्हणून सामान ठरवण्याआधी समपातळी रेषा आखा. सुमारे १० मीटर लांबीची पारदर्शक नळी पाण्याने भरा. आत एकही बुडबुडा राहू देऊ नका, कारण बुडबुडा राहिला तर दोन्ही टोकांची पातळी जुळत नाही आणि चूक शेवटपर्यंत लक्षात येत नाही. दोन सारख्या काठ्यांवर सारख्या खुणा करून नळीची टोके बांधा. एक काठी जागेवर ठेवा आणि दुसरी पुढे नेत दोन्ही टोकांचे पाणी खुणेवर येईल तिथे खुंटी ठोका. दर मीटरला अशी खुंटी बसली की त्यावरून फक्की मारा. रेषा वळणावळणाची येईल. ती ओढून सरळ करण्याचा मोह टाळा, फार तर बारीक खाचखळगे मऊ करा, कारण बागेचा खरा आकार ही रेषाच देते आणि तिच्यावर घातलेली कड जमिनीतूनच उगवल्यासारखी दिसते.

तुमच्या मापाचा हिशेब सोपा आहे. १.२ मीटरचा फरक ३० सेंमीच्या चार उठावांत, म्हणजे उभ्या पायऱ्यांत वाटला, तर प्रत्येक टप्पा साधारण दीड मीटर रुंद मिळतो, म्हणजे कडेवर बसून मधल्या रोपापर्यंत हात सहज पोहोचतो. ६० सेंमीचे दोनच उठाव घेतले तर टप्पे रुंद होतील, पण प्रत्येक भिंतीवरचा भार बराच वाढेल. मी स्वतः चारच घेईन.

वरची १५ ते २० सेंमी काळी माती आधी काढून बाजूला ठेवा आणि काम सर्वांत खालच्या उठावापासून सुरू करा. टप्प्याच्या वरच्या अर्ध्या भागातली माती खणून खालच्या अर्ध्या भागात भरायची, किंचित ओली करून १५ सेंमीच्या थरांत धुम्मसने (माती ठोकायच्या जड साधनाने) बसवायची आणि शेवटी काळी माती न ठोकता पसरायची. भरावाची माती पुढेही काही काळ दबत राहते, म्हणून बहुवर्षायू झाडे पहिल्या पावसानंतरच लावावीत. टप्प्याला लांबीच्या दिशेने मीटरला १ सेंमी इतका उतार ठेवून जास्तीचे पाणी बाजूच्या खडीच्या चरात सोडा. तो चर घराच्या पायाकडे मात्र जाऊ नये.

दगडमाती

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त पाण्याविषयी आणखी लिहिणे मला आवश्यक वाटते. मी ६० सेंमी उंचीची दगडी भिंत सिमेंटमध्ये पक्की बांधून घेतली, पण मागे खडी भरली नाही आणि पाणी बाहेर पडायला छिद्रेही ठेवली नाहीत. पावसाळ्यात मागची माती चिंब झाली आणि भिंतीच्या मध्यावर पोट आले. हात फिरवला की फुगवटा स्पष्ट जाणवायचा. शेवटी ती पूर्ण उतरवावी लागली.

तुमच्या ३० सेंमीच्या उठावांसाठी सुका दगड लावणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण सांध्यांतून पाणी आपोआप निथळते. पहिला थर निम्म्याहून अधिक जमिनीत गाडा. दगडाची लांब बाजू चढाकडे आत घाला, वरचा दगड खालच्या सांध्यावर येऊ द्या आणि हलणाऱ्या दगडाखाली मागून चिपा ठोका. दर ६ सेंमी उंचीला १ सेंमी या हिशेबाने भिंत मागे झुकवा. मागे २० सेंमी रुंद खडी आणि खडी व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड घातले, तर बारीक माती खडीत शिरून ती तुंबत नाही.

लाकूड मातीला लागते तिथे कुजते. क्रिओसोट (लाकूड टिकवण्यासाठीचे विषारी डांबरी तेल) लावलेले जुने रेल्वे स्लीपर भाजीच्या वाफ्याला लावूच नयेत. पोलादी पट्टी सुंदर वळते, पण ती टप्प्याच्या आतली हिरवळ आणि वाफा वेगळे करण्यापुरतीच चांगली. भिंत मीटरभर उंच होणार असेल, तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय हात घालू नये.

परसातला उतार

दोघांचेही मनापासून आभार. एक अडचण उरते: दुसऱ्या उठावाची रेषा एका मोठ्या झाडाच्या बुंध्याला लागूनच जाते. बुंध्याभोवती भराव घातला तर चालेल का?

जुना माळी

घालू नका. बुंधा जमिनीपाशी जिथे रुंदावतो तो भाग मातीखाली गेला की साल कुजू लागते. अन्न घेणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या अर्ध्या मीटरमध्येच असतात, त्यामुळे तिथे खोल खणणेही तितकेच घातक आहे. झाडाखालची मूळ पातळी शक्य तितक्या रुंद घेरात तशीच राहू द्या आणि उठावाची रेषा त्या घेराबाहेरून अर्धवर्तुळात वळवा. वळणाच्या दोन्ही टोकांना पातळी नळीने पुन्हा तपासा, कारण रेषा हलवली की चूक शिरते ती तिथेच.