रात्री कवळी तोंडात नको
"एकदा कवळी बसली की दातांची कटकट संपली" असं कोणीतरी लिहिलेलं वाचलं, ते पटलं नाही. दात गेले तरी हिरड्या, जीभ, टाळू असतातच की. आमच्या आईची कवळी चोवीस तास तोंडात. रात्री काढली तर नातवंडांना बोळकं दिसेल, ही लाज! टाळू लालभडक झाला, भाकरी सुटली, नुसत्या वरण-भातावर आली, तेव्हा कुठे दाखवायला तयार झाली. कवळीखाली बुरशी वाढली होती.

आणि हे नुसतं तोंडापुरतं नाही, फुफ्फुसांचाही प्रश्न आहे. झोपेत लाळ थोडीथोडी श्वासनलिकेत उतरते आणि तिच्याबरोबर तोंडातले, कवळीवरचे जंतूही. जपानमध्ये ८५ आणि त्यापुढच्या वयाच्या ५२४ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं होतं, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका साधारण दुप्पट निघाला. आता आईची कवळी रात्री ब्रशने घासून गार पाण्याच्या डबीत जाते. (उकळतं पाणी नको, वाकते. तो उद्योग मी करून बसलोय, नवी करावी लागली.)