नाव खराब होऊ नये म्हणून केलेले योग्य वर्तन नैतिक ठरते का?

शिरोलीकर (प्रश्न)
ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि मालवाहू गाड्या कित्येक दिवस जागच्या जागी अडकून पडल्या. त्या रस्त्यालगत माझ्या मामांचे किराणा दुकान आहे. अडलेल्या माणसाकडून पाण्याच्या बाटलीला वाटेल तो भाव घेता आला असता, पण मामांनी छापील किमतीवर एक रुपयाही घेतला नाही. रोकड संपलेल्या चालकांना तर उधारीवर माल दिला. कारण विचारले की ते एवढेच सांगतात, "दुकानाचं नाव खराब झालं असतं." हेतू इतका व्यवहारी असेल, तर याला कर्तव्य म्हणावे की धंद्यातले शहाणपण?

करवीरवासी
जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने 1785 मध्ये जवळजवळ हेच उदाहरण घेतले होते. नवख्या गिऱ्हाइकालाही न फसवणारा दुकानदार कर्तव्याला धरून वागतो. पण तो स्वतःच्या फायद्यासाठी तसे वागत असेल, तर ती कृती कर्तव्यबुद्धीतून झालेली नसते आणि तिला नैतिक मूल्य लाभत नाही, असे त्याचे म्हणणे. कृती योग्यच राहते, श्रेय तेवढे उणे होते. मात्र आपल्या कृतीमागचा खरा हेतू माणसाला स्वतःलाही खात्रीने कळत नाही, हेही कांटनेच मान्य केले आहे. उधारीची नोंद मामांनी कशी ठेवली होती?

शिरोलीकर
वहीत नावे नाहीत, गाड्यांचे नंबर आहेत. बहुतेक राजस्थान आणि तमिळनाडूचे.

रंकाळाकाठ
मग मामांचे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही, कारण जे चालक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढण्याची शक्यता नव्हती, त्यांच्याजवळ नाव राखून कोणता धंदा वाढणार होता? ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या मते न्यायाने वागत राहिल्यानेच माणूस न्यायी होतो. वर्षानुवर्षे चोख माप घालणाऱ्या हाताला पुराच्या दिवशी वेगळा निश्चय करावा लागत नाही, आणि म्हणूनच विचारल्यावर सांगायला त्याच्याजवळ मोठे कारणही नसते. कांटची कसोटी अशा माणसावर अन्याय करते, असे माझे ठाम मत आहे.

पंचगंगा
आपण सगळे दुकानदाराच्याच मनात डोकावत आहोत. चालकाचे येणे काय होते, हे कोणी विचारले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढून दिले आणि भर रस्त्यात तिथे थांबून स्वतः चहा घेतला. त्यामागे करुणा होती की राजनीती, हा तर्क कोणी कसाही करावा; अस्पृश्य ठरवलेल्या माणसाच्या हातचे इतरांनी घेणे हा त्याचा हक्क होता आणि तो तिथे सर्वांसमक्ष पाळला गेला. मामांच्या वहीतील ज्या उधाऱ्या कधीच फिटल्या नसतील, त्यांच्याकडेही मी याच नजरेने पाहीन. तहानलेल्या परक्या माणसाला वाजवी दरात पाणी मिळणे हे त्याचे येणेच होते, मग देणाऱ्याने ते कोणत्याही विचाराने दिलेले असो.