प्रति: ‘जादा’ प्राणी आणि वाजवी कारण
प्राणिसंग्रहालयात जागा कमी आणि त्या प्राण्याची जनुके तिथल्या इतर प्राण्यांत आधीच भरपूर, तेव्हा असे ‘जादा’ प्राणी मारणे हा निव्वळ व्यवस्थापनाचा निर्णय, असा मुद्दा इथे मांडला गेला; तो मला पटत नाही. त्यासाठी कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने असाच मारलेल्या मारियस जिराफाचे (२०१४) उदाहरण दिले आहे, पण त्याआधीचे जर्मनीतल्या मॅग्डेबर्ग प्राणिसंग्रहालयाचे प्रकरण इथे यायलाच हवे. २००८ मध्ये तिथे वाघाचे तीन बछडे जन्मताच मारले गेले. बछडे निरोगी होते. बाप शुद्ध सायबेरियन उपजातीचा नाही, एवढेच कारण. जर्मन कायद्यानुसार कशेरुकी (पाठीचा कणा असलेला) प्राणी मारायला वाजवी कारण लागते. २०१० मध्ये न्यायालयाने संचालकांसह संबंधितांना दोषी ठरवले. म्हणजे वंशाची शुद्धता हे कारण तिथे वाजवी ठरले नाही, आणि ते मला योग्यच वाटते.

‘मग गर्भनिरोधक द्या’ म्हणणाऱ्यांशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त तो उपाय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. प्रोजेस्टिन या संप्रेरकाचे (हार्मोनचे) त्वचेखाली बसवायचे इम्प्लांट दीर्घकाळ दिलेल्या वाघिणी-सिंहिणींमध्ये गर्भाशयाचे आणि स्तनांचे गंभीर आजार आढळले. डेस्लोरेलिन या दुसऱ्या गर्भनिरोधक इम्प्लांटमध्ये हा धोका कमी, पण प्रजननक्षमता नेमकी कधी परतेल याचा नेम नसतो. तरी नर-मादी वेगळे ठेवता येतात, त्याला पिंजरे आणि पैसे लागतात. पिल्ले बघायला गर्दी होते, त्या तिकिटांचे पैसे आधी इकडे वळवा ना!