आयझेन्स्टाइन यांच्या ‘ऑक्टोबर’ने इतिहासावर अन्याय केला आहे का?

धागाकर्ता:
रशियन राज्यक्रांती म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे एकच दृश्य उभे राहते. रात्रीच्या अंधारात कामगार आणि खलाशी यांचा लोंढा पेत्रोग्रादच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) हिवाळी राजवाड्यावर चाल करून जातो, लोखंडी फाटकावर चढतो आणि भव्य जिन्यांवरून आत घुसतो. हे दृश्य सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेन्स्टाइन आणि ग्रिगोरी अलेक्सांद्रोव्ह यांनी क्रांतीच्या दशकपूर्तीसाठी ‘ऑक्टोबर’ या चित्रपटात १९२७ मध्ये चित्रित केले. प्रत्यक्षात जुन्या रशियन कालगणनेनुसार २५ ऑक्टोबर १९१७ च्या (आजच्या कालगणनेनुसार ७ नोव्हेंबरच्या) रात्री असा जंगी हल्ला झालाच नाही. झार गेल्यावर आलेल्या हंगामी सरकारचे प्रमुख केरेन्स्की सकाळीच मोटारीने शहराबाहेर पडले होते. राजवाड्यात लष्करी शाळांचे कॅडेट, काही कोसॅक घोडेस्वार सैनिक आणि महिला बटालियनची एक तुकडी उरली होती आणि त्यांतलेही बरेच जण हल्ल्याची वाट न पाहता निघून गेले. ‘अरोरा’ युद्धनौकेने काढलेला तोफेचा बार केवळ आवाजाचा होता. गोळीबार तुरळक होत राहिला, बंडखोर लहान लहान टोळ्यांनी बाजूच्या दारांतून शिरले आणि पहाटे दोनच्या सुमारास बोल्शेविक नेते अंतोनोव्ह-ओव्हसेयेन्को यांनी लहान भोजनकक्षात बसलेल्या मंत्र्यांना अटक केली. त्याच राजवाड्याच्या दालनांत तेव्हा जखमी सैनिकांचे रुग्णालय होते, हेही आज फार थोड्यांना ठाऊक असते. चित्रपटाने खरी रात्र लोकांच्या स्मरणातून पुसून टाकली, आणि माझ्या मते हा अन्यायच आहे.

प्रतिसाद १:
मी पूर्णपणे असहमत आहे. ‘हल्ल्या’ची ही प्रतिमा आयझेन्स्टाइन यांनी निर्माण केलेली नाही. ७ नोव्हेंबर १९२० रोजी नाट्यदिग्दर्शक निकोलाय येव्रेइनोव्ह यांनी राजवाड्यासमोरच्या चौकात हजारो कलावंत आणि सैनिकांना घेऊन हा प्रसंग नाट्यरूपात सादर केला होता, आणि त्या प्रयोगाचे छायाचित्र पुढे खऱ्या घटनेचे म्हणून छापले गेले. दोष द्यायचाच असेल तर तो छापणाऱ्यांना द्यावा. शिवाय हा चित्रपट घटनेची नोंद ठेवण्याचा दावा करत नाही, तो प्रतिमांमधून युक्तिवाद करतो. केरेन्स्की राजवाड्याचा जिना चढत आहेत, त्यांच्या एकेक पदाची पाटी पडद्यावर येत आहे, पण जिना काही संपत नाही. आणि मग पिसारा फुलवणारा यांत्रिक मोर दिसतो. सत्तेच्या पोकळपणाबद्दल एवढे नेमके विधान एखाद्या इतिहासग्रंथाला करता आले असते, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद २:
मोराचे दृश्य अप्रतिम आहे, यात वाद नाही. मात्र त्याच चित्रपटात महिला बटालियनची जी टवाळी केली आहे, ती मला सहन होत नाही. त्या स्त्रिया आघाडीवर लढण्यासाठी स्वेच्छेने सैन्यात आल्या होत्या. त्यांना हास्यास्पद ठरवण्याला मी तरी युक्तिवाद म्हणणार नाही.

धागाकर्ता:
प्रतिसाद १ मध्ये केलेला कला आणि नोंद यांतला भेद मला मान्य आहे, पण ट्रॉट्स्की यांच्या बाबतीत तो टिकत नाही. उठावाची आखणी करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये त्यांना कम्युनिस्ट पक्षातून काढले गेले आणि चित्रपटातली त्यांची बहुतेक दृश्ये कापावी लागली. दशकपूर्तीच्या दिवशी चित्रपटाचे काही भागच दाखवता आले. संपूर्ण चित्रपट १९२८ च्या मार्चमध्ये प्रदर्शित झाला. याला कलावंताने घेतलेली सूट म्हणता येत नाही, कारण इथे कात्री कलावंताच्या मर्जीने चाललेली नव्हती. शिवाय, त्या काळी सर्वांनी हे चित्रण निमूटपणे स्वीकारले असेही नाही. लेनिनच्या भूमिकेत निकान्द्रोव्ह या कामगाराला उभे केले, तेव्हा तो लेनिनसारखा नसून लेनिनच्या पुतळ्यांसारखा दिसतो, अशा आशयाची टीका कवी मायाकोव्हस्की यांनी जाहीरपणे केली होती.

प्रतिसाद १:
ट्रॉट्स्की यांच्याबद्दलचा मुद्दा मी मान्य करतो. तिथे राज्यसत्तेने इतिहास कापला आणि दिग्दर्शकाने ते होऊ दिले. पण त्यामुळे सगळा चित्रपट खोटा ठरत नाही. जुलै १९१७ च्या निदर्शनांवरील गोळीबारानंतर उचलला जाणारा पूल आठवा. मेलेल्या मुलीचे केस पुलाच्या फटीवरून हळूहळू सरकतात आणि गाडीला जुंपलेला पांढरा घोडा उंच हवेत लटकत राहतो. अगदी असेच घडल्याची नोंद नसेलही, पण कामगारवस्त्या पूल उचलून शहराच्या मध्यभागापासून तोडता येत होत्या, हे पेत्रोग्रादचे वास्तव होते, आणि ते मला पहिल्यांदा कळले ते याच दृश्यामुळे.

धागाकर्ता:
पुलाचे दृश्य मलाही तितकेच प्रिय आहे. चित्रपट दाखवू नये असे माझे म्हणणे नाही. तो अवश्य दाखवावा. माझी मागणी एवढीच आहे की पुस्तकांत आणि माहितीपटांत त्यातली चित्रे वापरताना त्यांच्याखाली ‘१९१७’ असे न छापता ‘चित्रपटातील दृश्य, १९२७’ असे छापावे.