रोझा वनच्या बारीक रेषा छपाईत का बुजतात

पत्रिकेचं शीर्षक रोझा वन या फाँटमध्ये, गडद मरूनवर पांढरं. छापून आल्यावर बारीक रेषा गायब, असं का होतं, हा एका वाचकाचा प्रश्न. दोष फाँटचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या जाहिरातपत्रकांत आलेल्या 'फॅट फेस'चं हे वळण: उभे दांडे जाडजूड, जोडरेषा केसासारख्या. देवनागरीतही तोच विरोध सुंदर उतरलाय.

मरून रंग ऑफसेट छपाईत तीन-चार शाया मिळून होतो, प्रत्येक शाईची प्लेट वेगळी. एखादी प्लेट किंचित सरकली किंवा शाई पसरली की पांढरी रेषा भरते. म्हणून मरून स्पॉट रंगात, म्हणजे आधीच मिसळलेल्या एकाच शाईत छापा. ते परवडत नसेल तर अक्षराला ०.२५ पॉइंटची पांढरी कड द्या आणि आकार ३६ पॉइंटखाली नेऊ नका. काळी अक्षरं असतील तर फक्त के १०० (निव्वळ काळी शाई), चार रंगांचा काळा नको.

अक्षरांतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी शीर्षकाची सवय इथे नडते. दोन ओळी असतील तर वरचा उकार खालच्या रफाराला भिडतोय का, ते कर्व्ह करण्याआधी, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करण्याआधी पाहा. पत्ता, मुहूर्त वगैरे मजकूर साध्या, एकसारख्या जाडीच्या फाँटमध्येच लावा.