सुक्या जवळ्याचा वास: नाक सगळ्यांचं सारखंच?

वरळीकरीण: काल इथे एकाने लिहिलं, "सुकी मासळी घाण वासाची ती घाणच. त्यात संस्कृती आणू नका, नाक सगळ्यांचं सारखंच." रात्रभर डोक्यात घोळत होतं. मी कोळीवाड्यात वाढले. पावसाळ्यात आई तव्यावर कांदा-जवळा परतायला लागली की आम्ही भावंडं ताटं घेऊनच बसायचो. सातवीत असताना इमारतीत राहायला गेलो. एकदा शाळेतली मैत्रीण आली आणि दारातच नाक दाबून उभी राहिली. त्या दिवसापासून तोच वास मला उग्र यायला लागला. आईवर ओरडायचे, खिडक्या लाव म्हणून. नाक तर माझंच होतं ना?

सरळरेषा: ते वाक्य माझं, आणि मी मागे घेत नाही. २०२२ चा अभ्यास आहे. जंगलात शिकारीवर जगणाऱ्यांपासून शहरी माणसांपर्यंत नऊ समाजांना तेच वास हुंगायला दिले. आवडीनिवडीत संस्कृतीचा वाटा जेमतेम ६ टक्के. व्हॅनिला सगळीकडे वर.

हिंगाची_डबी: जर्मन भाषेत हिंगाला 'सैतानाची विष्ठा' म्हणतात. इथे मी वरणाला फोडणी दिली तर शेजारीण गॅस गळतोय म्हणून दार वाजवायला आली. मला मात्र त्या वासाने घरी आल्यासारखं वाटतं.

सरळरेषा: ती सवय झाली.

वरळीकरीण: सवय कुठून लागते? आणि तुमच्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त फरक व्यक्तीगणिक निघाला, तो का गाळलात? २००१ मध्ये रसायनांचं एकच मिश्रण लोकांना एकदा 'चीज' आणि एकदा 'ओकारी' सांगून हुंगवलं. नाव बदललं तसा वास बदलला.

ठाणेकर७: ताई, वासाचं निमित्त असतं. भाड्याचं घर बघताना तिन्ही एजंटांनी आधी विचारलं, "नॉनव्हेज खाता का?" तेव्हा आमच्या घरात चूलही पेटली नव्हती!

सरळरेषा: विषय भरकटवू नका. गेल्या श्रावणात लिफ्टमधल्या बोंबलाच्या वासाने माझ्या आईला उलटी झाली. ती काय नाटक करत होती?

वरळीकरीण: नाटक कोण म्हणतंय? उलटी खरीच. माझा सातवीतला उमासाही खराच होता. म्हणून तर म्हणते, हे नुसत्या नाकाचं काम नाही.

ठाणेकर७: लिफ्टमध्ये उलटी झाली म्हणून आम्ही घराबाहेर राहायचं का? एकाने तर होकार देऊन डिपॉझिट घेतलं, आडनाव कळल्यावर परत केलं. आडनावाला वास येतो?

सरळरेषा: आडनावावरून घर नाकारणं चूकच, ते मान्य. आणि चीजचं वाचलं. मिश्रण एकच होतं, तेवढं खरं. पण बोंबील मला कोणी काहीही नाव सांगून हुंगायला दिला तरी...

ठाणेकर७: घराचं बोला हो आधी.