फ्लायर चिमुकलीच पाहिजे हा हट्ट कशाला? (कॉलेज चीअर, पार्टनर स्टंट)

तिरपा_डोंगर
एप्रिल-मे आला की अमेरिकेतल्या कॉलेज चीअर (चीअरलीडिंग) टीम्सच्या ट्रायआउट्स म्हणजे निवड चाचण्या सुरू होतात आणि दरवर्षी तीच रड. साडेपाच फुटाची एखादी मुलगी विचारते की मी कोएड (मुलगे-मुली एकत्र) टीमला फ्लायर म्हणजे वर उडणारी म्हणून येऊ का, की चार जण लगेच तिला सांगतात तू बॅकस्पॉट हो बाई, खाली मागून आधार दे. ना तिचा टॉस बघितला, ना लिब. नुसतं उंची-वजन ऐकून निकाल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पार्टनर स्टंट म्हणजे खाली एक बेस (बहुतेक वेळा मुलगा), वर एक फ्लायर आणि मागे सांभाळायला स्पॉटर. बेस तिची कंबर धरतो, ती त्याची मनगटं धरते, दोघं एकदम गुडघ्यात वाकतात, तो फेकतो (हाच टॉस), ती उडी मारते आणि तिचे पाय त्याच्या खांद्याजवळ तळहातांवर येतात. हे झालं 'हँड्स'. तिथून हात सरळ वर गेले की एक्स्टेन्शन, एकाच पायावर उभी राहिली की लिबर्टी म्हणजे लिब. त्यापुढे रिवाइंड वगैरे, ज्यात ती जमिनीवरून उलटी कोलांटी मारून थेट हातांवर येते.

आता हिशोब करू. सहा फुटी बेसने हात वर केले की तळवे साधारण २२५ सेंटीमीटरवर, खांदा १५० वर. पाच फुटी मुलीची कंबर ९५ च्या आसपास, साडेपाच फुटीची १०५. म्हणजे कंबर धरून ढकलायला पहिलीच्या बाबतीत १३० सेंमी मिळतात, दुसरीच्या बाबतीत १२०. पाय दीड मीटर वर यायला हवेत, तर पहिलीला २० सेंमी स्वतःच्या वेगावर जायचंय आणि दुसरीला ३०. फरक पडला दहा सेंटीमीटरचा! जिला नीट उडी मारता येते ती हे सहज भरून काढते, आणि जी पिशवीसारखी लटकून राहते ती ४५ किलोची असली तरी वर जात नाही. मी स्वतः पाच फूट सातचा, मिडवेस्टात बेस होतो, माझ्यापेक्षा जेमतेम दोन इंच कमी उंचीच्या पार्टनरबरोबर एक्स्टेन्शन केलेत. टायमिंग जुळलं की वजन जाणवत नाही, चुकलं की कुणाचंही जाणवतं.

तर माझं म्हणणं एवढंच, ट्रायआउटच्या फॉर्मवरून फ्लायरच्या वजनाचा रकाना काढून टाका. टॉस बघा आणि ठरवा.

बाराबंदी
डोंगरराव, वर जायचा हिशोब मस्त केलात, खाली यायचा सोयीस्कर विसरलात. माणसं मोडतात ती झेलताना.

एक्स्टेन्शनमधून क्रेडल घेताना, म्हणजे वरून सोडलेल्या मुलीला हातांच्या पाळण्यात झेलताना, तिचा मध्यबिंदू धरा दीड मीटर खाली येतो. तुम्ही गुडघे-कोपर वाकवून अर्ध्या मीटरात थांबवलीत तर सरासरी जोर येतो वजनाच्या चौपट (एक अधिक पडण्याची उंची भागिले थांबवायचं अंतर, शाळेतलंच गणित). ५० किलोची मुलगी म्हणजे २०० किलो, ६० ची म्हणजे २४०. हे चाळीस किलो कुठे जातात? कमरेत आणि मनगटात. आणि हे एकदा नाही, एका प्रॅक्टिसमध्ये पुन्हा पुन्हा. बेसच्या पाठीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही कारण तो 'मुलगा' आहे, त्याने सहन करायचं.

रकाना असूच दे. कुस्तीत वजन विचारतात तेव्हा कोणाला राग येतो का?

तिरपा_डोंगर
तुमचंच सूत्र वापरतो. त्याच ५० किलोवालीला ताठ हातांनी पाव मीटरात थांबवलं तर जोर सातपट, ३५० किलो. आणि ६० किलोवाली नीट झेलली तर तुम्हीच काढलेत, २४०. म्हणजे दहा किलोपेक्षा झेलायची पद्धत जास्त महाग पडते की नाही? शिवाय क्रेडलला स्पॉटर असतो, भार वाटला जातो. ज्या बेसची पाठ गेली त्याला विचारा, स्क्वॉट आणि पुश-प्रेस (मांड्या-खांद्यांचे वजनी व्यायाम) न करता सरळ टॉस करायला घेतला होता का.

बाराबंदी
प्रॅक्टिसच्या पहिल्या अर्ध्या तासात खरं आहे. शेवटच्या अर्ध्या तासात मांड्या थरथरायला लागल्या की तो अर्धा मीटर आपोआप पाव मीटर होतो, आणि जड पार्टनर असेल तर ही वेळ लवकर येते. फुटबॉल मॅचला तर चार तास उन्हात उभं राहून मग चौथ्या क्वार्टरला स्टंट. टेक्निक ही ताज्या माणसाची गोष्ट आहे, थकलेल्या माणसाकडे उरतं ते वजनच.

मिसेस_खवट
हे आयपीएलमध्ये चौका मारला की नाचतात तेच ना? त्यात एवढं गणित??

शार्लटची_शमा
नाही हो, ते डान्स. २००८ ला बंगलोरच्या टीमने आणलेल्या मुली अमेरिकन प्रो फुटबॉलच्या डान्स स्क्वॉडमधल्या होत्या, त्या कोणाला डोक्यावर उचलत नाहीत. कॉलेजचं चीअर वेगळं, आणि गंमत म्हणजे सुरुवात पुरुषांनी केलीये, १८९८ ला मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने मैदानात उतरून लोकांकडून आरोळ्या घेतल्या तिथपासून धरतात. मुली तिथेच १९२३ ला आल्या. पुढे अध्यक्ष झालेला आयसेनहॉवर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चीअरलीडर होता, धाकटा बुशसुद्धा शाळेत होता.

मूळ मुद्द्यावर, मी तीन वर्षं बेस होते. हो, मुलगी, पाच फूट आठ. ऑल-गर्ल ग्रुप स्टंटमध्ये दोन बेस आणि एक बॅकस्पॉट असतो म्हणून फ्लायरचं वजन तिघींत वाटलं जातं, तिथे ५८-६० किलोच्या फ्लायर मजेत उडतात. पण त्याच मुलीला कोएडमध्ये घ्यायचं म्हटलं की कोच नाक मुरडतात. आणि माझ्यासारखीने एकटीने कोएड-स्टाइल टॉस केला तर सगळे फोन काढून शूटिंग करतात, जसं काही सर्कस. आकाराची चर्चा कायम वरच्या मुलीची होते. खालच्याचा आकार कोण बघतो? ६० किलोचा बारका मुलगा ५५ च्या मुलीखाली उभा करतात आणि पडली की दोष तिच्या मांड्यांना. विचारायचंच असेल तर दोघांचं विचारा, प्रमाण काढा, मग बोला.

मीनल_टेक्सास
शमा +१. मला मात्र डोंगर यांचा रकान्याचा मुद्दा जास्त पटतो आणि कारण गणिताचं नाहीये. माझी मुलगी हायस्कूलपासून फ्लायर आहे, आता कॉलेजात. 'तू थोडी जड लागतेयस' एवढं एकच वाक्य कोणीतरी प्रॅक्टिसला बोललं आणि घरी भात बंद, पोळी बंद, मग दूधही बंद, आणि आम्ही आपले खूश की पोरगी हेल्दी खातेय. २०१२ च्या जर्नल ऑफ अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये कॉलेज चीअरलीडर्सवर एक अभ्यास आला होता, त्यात साधारण तिघींतली एक ईटिंग डिसऑर्डरच्या धोक्यात सापडली, आणि पोट उघडं ठेवणाऱ्या युनिफॉर्ममध्ये स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी सगळ्यात जास्त. बरं, उपाशी मुलगी वर गेली की काय होतं? चक्कर येते, पोटऱ्या सैल पडतात, आणि सैल फ्लायर ही कोणत्याही वजनाच्या फ्लायरपेक्षा जड. हे तर बेसलोकच सांगतात.

बाराबंदी, तुमच्या सूत्रात हे कुठे बसतं?

बाराबंदी
सूत्रात बसत नाही, मान्य. पण वजन न विचारल्याने ते थांबणार नाही, वजन सगळ्यांना डोळ्यांनी दिसतंच. कागदावर असेल तर निदान ट्रेनर आणि डायटिशियनच्या हातात जाईल, नाहीतर लॉकर रूममध्ये कुजबुज होऊन तेच होईल जे तुमच्या घरी झालं.

मीनल_टेक्सास
कुठला ट्रेनर? चीअर एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) खेळांत नाही. २०१० ला क्विनिपिअॅक विद्यापीठाने व्हॉलीबॉल बंद करून चीअरला मुलींचा खेळ म्हणून दाखवायचा प्रयत्न केला, कोर्टाने टायटल नाइनखाली (शिक्षणात मुलामुलींत भेदभाव नको हा कायदा) चालणार नाही म्हणून सांगितलं आणि २०१२ ला अपिलातही तेच झालं. त्याच वर्षी बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीने सांगितलं की याला खेळ माना, म्हणजे प्रशिक्षित कोच, डॉक्टर, नियम लागू होतील. अजून कित्येक कॉलेजांत चीअर 'स्पिरिट'च्या खात्यात टाकलंय, बँडच्या शेजारी. तिथे वजनाचा कागद कोचच्या ड्रॉवरमध्ये जातो, डायटिशियन कुठून येणार.

एक्का_दुर्री
गिरगावात वाढलो, आता न्यू जर्सीत. हे वाचून हसू येतंय कारण आमच्याकडे दहीहंडीत हा वाद कधी झालाच नाही, वरचा एक्का हलका पाहिजे म्हणजे पाहिजेच, पोर जितकं बारकं तितकं बरं. मग पोरं पडायला लागली आणि गोष्ट हायकोर्टात गेली. २०१४ ला १८ वर्षांखालचे गोविंदा नकोत आणि २० फुटांवर हंडी नको असं झालं, २०१७ ला ते १४ वर्षांवर आलं आणि उंचीची मर्यादा गेली. मधल्या काळात मोठी माणसं वर चढवायची वेळ आली तेव्हा पथकांनी काय केलं, खालचे थर जाड केले आणि सराव वाढवला. थर तरी लागलेच. वरचा जड झाला की खालच्यांनी तयारी करायची, त्यात काय एवढं.

बाराबंदी
हंडीत खालच्या थरात माणसं वाढवता येतात, इथे बेस एकच असतो. पार्टनर स्टंटमध्ये 'थर जाड' म्हणजे त्याच पोराने वीस किलो मसल कमवायचे. शिवाय हंडीचा भार खांद्यावरून सरळ खाली जातो, इथे तो डोक्यावर सरळ हातात, मनगटं मागे वाकलेली. तुलना जमत नाही.

एक्का_दुर्री
मग स्पॉटर कशाला असतो, फोटोला? 😀

कोच_काकू
मी इकडे एका छोट्या कॉलेजात असिस्टंट आहे, गप्प बसणार होते. दोन्ही बाजू अर्धवट बोलतायत.

उंच फ्लायर हळू कलंडते. तळहातावर पेन्सिल उभी करून बघा आणि मग केरसुणीचा दांडा, दांडा सांभाळणं सोपं जातं. तेव्हा उंच मुलगी बॅलन्सला वाईट असते हे डोक्यातून काढा. अट एकच, तिने वर ताठ राहायचं आणि बॅलन्स बेसला करू द्यायचा, ती स्वतः सावरायला लागली की दोघं एकमेकांविरुद्ध भांडतात. पण एकदा ठरावीक कोनापलीकडे गेली की तिला परत आणायला जास्त ताकद लागते, आणि रिवाइंड, फुल-अप असल्या फिरण्याच्या स्टंटमध्ये लांब पाय त्रास देतात कारण लांब शरीर फिरवायला वेळ लागतो आणि हवेत वेळ नसतोच. म्हणजे एक्स्टेन्शन-लिबपर्यंत आकाराचा बाऊ आहे, पण कोलांट्या आल्या की आकार खरंच बोलतो.

आणि हा हट्ट येतो कुठून? स्कोअरशीटमधून. जानेवारीत ऑर्लँडोला यूसीए, एप्रिलमध्ये डेटोना बीचला एनसीए (दोन्ही चीअरच्या स्पर्धा, एनसीएए वेगळं), तिथे अवघडपणाला मार्क. मग कोच सगळ्यात बारीक मुलगी शोधतो कारण तिच्याबरोबर लवकर अवघड जातं. ज्या कॉलेजला डेटोनाला जायचंच नाहीये, नुसतं बास्केटबॉलच्या ब्रेकला दोन लिब दाखवायचेत, त्यांनी तेच माप का लावायचं, हे मला आजवर कोणी समजावलेलं नाही.

वजनापेक्षा मला भीती कशाची वाटते ते सांगते. मॅट नसलेलं लाकडी कोर्ट. २००६ ला सेंट लुइसच्या स्पर्धेत एक मुलगी पिरॅमिडवरून डोक्यावर पडली, मानेचा मणका चिरला, त्यानंतर बास्केटबॉल कोर्टावर बास्केट टॉस (मुलीला हवेत उंच फेकून झेलणं) आणि उंच पिरॅमिडवर बंदी आली. तेव्हाही चर्चा उंचीची आणि मॅटची झाली, किलोंची नाही.

बाराबंदी
काकू, स्कोअरशीटचं पटलं. रकान्याचं काय ते नाही सांगितलंत.

कोच_काकू
मी ट्रायआउटला प्रत्येक फ्लायरला निदान तीन वेगवेगळ्या बेसबरोबर टॉस करायला लावते. कोणाबरोबर उडते, कोणाबरोबर अडते ते पाच मिनिटांत दिसतं. किलो मला लागतात ते फक्त नवीन बेसला जिममध्ये किती वजनावर तयारी करायची हे सांगताना, आणि ते मी नंतर विचारते, जोड्या ठरल्यावर, एकटीला.

तिरपा_डोंगर
हेच तर म्हणतोय मी पहिल्यापासून!

बाराबंदी
नाही, तुम्ही म्हणालात विचारूच नका. त्या नंतर विचारतात.

शार्लटची_शमा
आणि बेसचं?

कोच_काकू
बेसचं पण. आणि त्याचा स्क्वॉट सुद्धा.

नवखी_ओहायो
पुढच्या महिन्यात ट्रायआउट आहे, पाच फूट पाच, ६१ किलो, जिम्नॅस्टिक्स केलंय, हँड्स आणि एक्स्टेन्शन येतं, लिब डळमळतो. फॉर्मवर वजन विचारलंय. लिहू का?

तिरपा_डोंगर
लिहू नकोस. टॉसचा व्हिडिओ जोड, त्यात बेस कोण, केवढा, ते दिसू दे.

बाराबंदी
खरं लिही. ज्याच्या मनगटावर तू उभी राहणार त्याला कळायला हवं. आणि बारक्या पोराबरोबर जोडी लावली तर स्पष्ट नाही म्हण.

मीनल_टेक्सास
रकाना कोरा सोड, आणि त्या दिवशी सकाळी पोटभर खाऊन जा.

कोच_काकू
लिबला पाय लॉक होत नसणार. उद्यापासून जमिनीवर एका पायावर उभं राहून कर, मग बोलू.